मेण आणि लाल रंग

नमस्कार मंडळी. लिपस्टिक म्हणजे साहेबाकडून आलेलं थेर, हे इंदुरातल्या आपल्या मराठी घरांत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला ते मुळीच मान्य नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची, म्हणजे शहरातल्या रसिक पुरुषाची दिनचर्या दिली आहे. पुरुषाची, हे ध्यानात घ्या! सकाळी दात घासून, उटी लावून, माळ घालून तो ओठांना अलक्तक आणि सिक्थक लावतो, आरशात तोंड बघतो, विडा घेतो आणि मग कामाला लागतो. अलक्तक म्हणजे लाखेचा लाल रंग, आपला आळता. सिक्थक म्हणजे मेण. टीकाकार यशोधर तर क्रमही सांगतो: आळत्याची जराशी ओलसर गोळी ओठांवर घासायची, विडा खायचा आणि वरून मेणाची गोळी टेकवायची. आजच्या लिपस्टिकमध्ये तरी दुसरं काय असतं? मेण, तेल आणि रंग.

हीच जोडी आपल्या पणज्यांच्या फणेरपेटीतही होती. कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. आधी बोटानं कपाळावर मेण लावायचं, मग त्यावर कुंकू दाबून बसवायचं, म्हणजे घामानं ते ओघळत नसे. जागा तेवढी वेगळी, युक्ती तीच.

इराणातल्या जिरॉफ्टला दगडाची एक नाजूक कुपी सापडली. आत हेमॅटाइटची, म्हणजे लोहाच्या लाल खनिजाची, गडद लाल पूड आणि वनस्पतिज मेणाचे अंश होते. वय साडेतीन हजार वर्षांहून जास्त. ती ओठांची लालीच असावी, असं अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलं.

युरोपला झळझळीत लाल मिळाला तो मेक्सिकोतून. तिथे निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा वाढतो. तो वाळवून, कुटून कार्माइन काढतात. आपली लाखही किड्याचीच, फक्त तो पळसावर, कुसुंबावर, बोरीवर राहतो. राजवाड्याजवळ लाखेच्या बांगड्या घेताना हे कुणाच्या मनातही येत नाही.

मग साहेबानं काय दिलं? नळी! खालून फिरवली की कांडी वर येते, अशा नळीचं पेटंट १९२३ मध्ये अमेरिकेत जेम्स ब्रूस मेसननं घेतलं. ती सोय मोठी होती, हे मी मोकळेपणानं मान्य करते. लाली पर्समध्ये बाळगणं तिच्यामुळे आणखी सोपं झालं. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली.

आता एक करा. घरी आहे ती लिपस्टिक घ्या आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. ७७४९१ हा आकडा दिसला तर तो लोहाचा लाल ऑक्साइड, गेरूला लाली देतो तोच. फक्त आता तो कारखान्यात बनतो. ७५४७० दिसला तर ते किड्याचं कार्माइन. शाकाहार कसोशीनं पाळणाऱ्यांनी हा दुसरा आकडा जरूर बघावा. तो नसलेल्या लाल छटाही दुकानात मिळतात, मागून घ्या.