साठाचे शंभर

(दृश्य : मिळकतकराचं बिल, अगदी जवळून. ‘वार्षिक करपात्र रक्कम’ या शब्दांवर बोट थांबतं.)

हे बिल पुण्यातलं. नव्या घराची आकारणी झाली की ते दारात येतं आणि बहुतेक जण शेवटचा आकडा बघून भरून मोकळे होतात. आपण जरा या ओळीवर थांबू. घराला वर्षाचं भाडं किती येईल, ते महापालिका ठरवते. त्यातून दुरुस्तीची वजावट होते आणि उरते ती करपात्र रक्कम. कर बसतो तो हिच्यावर.

मालक स्वतः त्या घरात राहत असेल, तर या रकमेत 40 टक्के सवलत. पुण्यात ही 1970 पासून चालत आलेली. शंभराऐवजी साठावर कर.

मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. सवलत महापालिकेच्या ठरावावर उभी होती, कायद्यात तिला आधार नव्हता. दुरुस्तीची वजावटही नियमाने 10 टक्के, पुण्यात मात्र 15 टक्के दिली जात होती. सरकारने 2019 मध्ये ठराव विखंडित, म्हणजे रद्द केला आणि एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी होणाऱ्या घरांची सवलत गेली. सवलत चांगलीच होती. जवळजवळ पन्नास वर्षांत ती कायद्यात बसवून घ्यायचं राहून गेलं, ही खरी चूक. आणि ती निस्तरली कुणी? घर घेणाऱ्यांनी.

(दृश्य : एका सोसायटीच्या दोन इमारती.)

धरून चला, या पहिल्या इमारतीची आकारणी मार्च 2019 च्या आधी झाली. दुसरीचा ताबा उशिरा मिळाला, म्हणून आकारणी एप्रिल 2019 नंतर. बाकी सगळं सारखं. इकडे साठावर कर, तिकडे शंभरावर. सवलत गेली 40 टक्क्यांची, पण साठाचे शंभर झाले म्हणजे बिल वाढलं दोन तृतीयांशाने. नव्या इमारतीतल्या माणसाला हे कळणार कसं? त्याच्या हातात आलेलं पहिलंच बिल पूर्ण दराचं. एक सवलत होती आणि ती आपल्याला मिळाली नाही, हे त्या कागदावरून उमगत नाही. गृहकर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, त्यात हेही. भरलं त्याने.

मुंबईत शब्दांनीच घोळ घातला. 2019 च्या मार्चमध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करात माफी जाहीर झाली. प्रत्यक्षात माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, रस्त्यांसाठीचा पथकर हे बिलात तसेच राहिले. पूर्ण माफी मिळायला 1 जानेवारी 2022 उजाडावा लागला.

पुन्हा पुण्याकडे येऊ. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 40 टक्क्यांची सवलत कायम केली. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती करायचं ठरलं. ऐकायला छान वाटतं. पण एप्रिल 2019 नंतर आकारणी झालेल्यांना ती आपोआप मिळणार नव्हती. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज भरायचा, स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडायचा, नोव्हेंबर 2023 च्या मुदतीत.

ज्याची सवलत चालूच होती, त्या जुन्या मालकाला काहीच करावं लागलं नाही. ज्याच्याकडून चार वर्षं जादा पैसे घेतले, त्याने मात्र सोसायटीचं पत्र आणायचं, झेरॉक्स काढायच्या, रांगेत उभं राहायचं. मला हे पटत नाही. कुणाची आकारणी कधी झाली, याची नोंद महापालिकेकडे होती. प्रत्येक बिलासोबत एक छापील चिठ्ठी पाठवायला काय हरकत होती?

(दृश्य : खिडकीपाशी रांग. एका हातात पीटी-3 चा अर्ज.)

या अर्जाला राहत असल्याचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड असं काही चालतं. शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या कराच्या पावतीची प्रत. आपलं बिल काढा आणि सवलत लागली आहे का, तेवढं आज बघून घ्या.