दोन स्ट्रिंग सारख्या कधी म्हणायच्या?

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकायला एकदम बेसिक वाटेल, स्ट्रिंगची (मजकुराच्या तुकड्यांची) लिस्ट, म्हणजे प्रोग्रामिंग शिकताना सुरुवातीलाच उरकून टाकलेला धडा. पण दुसऱ्यांचा कोड बघताना मला वारंवार जे बग दिसतात ते इथलेच असतात, आणि त्यात लिस्टचा दोष फार क्वचित असतो. आपण एक गोष्ट ठरवलेलीच नसते, ती म्हणजे दोन स्ट्रिंग सारख्या कधी म्हणायच्या. शोधणं, डुप्लिकेट काढणं, सॉर्ट करणं, सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. उदाहरणं पायथनची देतो, पण त्रास बहुतेक भाषांमध्ये हाच आहे.

आधी लिस्ट बनवतानाची एक गंमत बघू. चार रंग लिहिले, एका ओळीवर एक, लाल, निळा, हिरवा, पिवळा, सगळे अवतरणचिन्हात, आणि निळाच्या पुढचा कॉमा राहून गेला. एरर येत नाही! शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्ट्रिंग पायथन आपणहून जोडून टाकतो, ही सोय सी भाषेतही आहे, लांबलचक मजकूर दोन ओळींत मोडून लिहिता यावा म्हणून. पण इथे काय होतं, लिस्टमध्ये तीनच आयटम उरतात आणि मधला असतो 'निळाहिरवा'. मग तुम्ही विचारता हिरवा लिस्टमध्ये आहे का, उत्तर येतं फॉल्स, आणि तुम्ही इफ कंडिशन उलटीसुलटी करून बघत बसता. म्हणून शेवटच्या आयटमनंतरही कॉमा टाकायची सवय लावा, कारण खाली नवीन ओळ वाढवताना नेमका तोच विसरतो.

तसंच, जिथे लिस्ट द्यायची तिथे चुकून नुसती स्ट्रिंग दिली तरी कोणी अडवत नाही. फॉर लूप आनंदाने एकेक अक्षर देत राहतो, आणि मजकूर मराठी असेल तर अक्षरही धड मिळत नाही, 'लाल'चे तीन तुकडे होतात, ल, मग नुसता काना, मग ल. आणि 'इन' वापरून तपासलं तर अर्थच बदलतो. लिस्टमध्ये 'इन' पूर्ण आयटम जुळतो का बघतो, स्ट्रिंगमध्ये मात्र तुकडा सापडला तरी ट्रू.

आता स्प्लिट, म्हणजे स्ट्रिंगचे तुकडे करून लिस्ट बनवणं. रिकाम्या स्ट्रिंगला कॉमावर स्प्लिट केलं तर रिकामी लिस्ट मिळेल असं वाटतं ना? मिळते एका आयटमची लिस्ट, आणि तो आयटम म्हणजे रिकामी स्ट्रिंग. म्हणजे मजकूर काहीच नाही पण मोजणी सांगते 1. उलट काहीच न देता नुसतं स्प्लिट केलं तर मोकळ्या जागांवर तुटतं आणि रिकाम्याची खरोखर रिकामी लिस्ट येते. सीएसव्ही, म्हणजे कॉमांनी कॉलम वेगळे केलेली, फाइल असेल तर कॉमावर स्प्लिट करूच नका, अवतरणात कॉमा असलेली एक ओळ आली की सगळे कॉलम सरकतात, त्यासाठी वेगळं मॉड्यूल आहे ते वापरा.

बरं, आता मूळ मुद्दा. युजरने भरलेली शब्दांची यादी आहे, डुप्लिकेट काढायचे आहेत, आपण सरळ सेटमध्ये, म्हणजे एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहात, टाकतो. सेट प्रामाणिकपणे फक्त तंतोतंत सारखे असलेलेच काढतो, मग शेवटी एक स्पेस जास्त असलेला शब्द वेगळा राहतो. ती स्पेस स्ट्रिपने जाते, इंग्रजी कॅपिटल-स्मॉलचा फरक केसफोल्डने जातो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हे दोन शब्द बघा: दऱ्या आणि दर्‍या. डोळ्याला एकच. पहिल्यात ऱ हे युनिकोडमधलं (प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या जागतिक तक्त्यातलं) स्वतंत्र अक्षर आहे, मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. लेन, म्हणजे लांबी, विचारली तर पहिल्याला 5, दुसऱ्याला 6. दोन्ही सारखे आहेत का विचारलं तर फॉल्स. कोणी कुठल्या कीबोर्डवरून टाइप केलं यावर हे ठरतं, त्यामुळे एकाच यादीत दोन्ही येतातच, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका रूपात आणणं) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. ते तुम्हाला रिप्लेस करून स्वतःच एक करावं लागतं.

सापडतं कसं? नुसता शब्द प्रिंट केला तर काहीच दिसत नाही, पण पूर्ण लिस्ट प्रिंट केली तर पायथन आतल्या स्ट्रिंग रेपरने, म्हणजे कोडमध्ये लिहितात तशा रूपात, छापतो आणि ते लपलेलं चिन्ह कोडसकट समोर येतं. मराठी डेटा असेल तर ही पहिली तपासणी करा, खरंच.

म्हणून मी नेहमी एक छोटं फंक्शन लिहायला सांगतो जे स्ट्रिंग घेतं आणि तुलनेसाठीचं रूप परत देतं: स्ट्रिप, केसफोल्ड, नॉर्मलायझेशन, ऱ चं एकीकरण, जे काय तुमच्या कामाला लागेल ते, आणि सगळीकडे तेच वापरायचं. डुप्लिकेट काढताना डिक्शनरीत (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या संग्रहात) हे रूप की म्हणून ठेवा आणि मूळ स्ट्रिंग व्हॅल्यू म्हणून, पायथन 3.7 पासून डिक्शनरी क्रम जपते हे भाषेनेच कबूल केलंय, त्यामुळे यादीचा क्रमही बिघडत नाही.

सॉर्टला हेच लागू. 'फाइल10' हे 'फाइल2'च्या आधी येतं कारण तुलना डावीकडून एकेका चिन्हाची होते आणि 1 हा 2 च्या आधी. मराठीत अजून एक, युनिकोडमध्ये ळ चा नंबर ल च्या लगेच नंतर आहे, व च्या आधी, त्यामुळे 'कळ' हा 'कवच'च्या आधी लागतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर! सॉर्टेडला स्वतःचं की फंक्शन देता येतं, तिथे हा क्रम सांगा.

स्पीडबद्दल जास्त बोलत नाही. लूपमध्ये प्लसने स्ट्रिंग वाढवत नेण्यापेक्षा लिस्टमध्ये जमवून शेवटी जॉइन करा, आणि हजारो वेळा शोधायचं असेल तर लिस्टऐवजी सेट घ्या.

इथे एका श्रोत्याने चांगला प्रश्न विचारला, की मग मूळ डेटामधूनच ती न दिसणारी चिन्हं उडवून का टाकू नयेत, एकदाचा निकाल लागेल. नाही, असं करू नका. 'आचार्‍यांना' मधलं ते चिन्ह काढलं की उरतं 'आचार्यांना', म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांबद्दलचं वाक्य गुरुजनांबद्दलचं होऊन बसतं, आणि मूळ गेलं की ते परत आणायला काही मार्ग नाही. र, हलन्त आणि जॉइनर हे तिन्ही एकत्र आले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, तेही तुलनेच्या रूपात. युजरने जे लिहिलं ते जसंच्या तसं राहू द्या.