लाइनमन: पहिल्या पाचातला की बाकावरचा?

मंडळी, लाइनमन म्हटलं की आपल्याला आठवतो तो वीज मंडळाचा, कमरेला पक्कड खोचून खांबावर चढणारा. माझी आई पहिल्यांदा इकडे फिलाडेल्फियाला आली, तेव्हा मी तिला टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलमधल्या ईगल्स संघाची लाइन, म्हणजे पाच लाइनमनची पुढची फळी, दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या देहाला खांब कसा पेलतो रे?"

हे पाच जण चेंडूला जवळजवळ हात लावत नाहीत. मधला सेंटर चेंडू मागे देतो, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. काम एकच: समोरच्याला अडवायचं. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये संघ नवा लाइनमन घेतो आणि आपल्यात वाद पेटतो, हा पहिल्या पाचातला की राखीव? त्या प्रश्नासाठी मी आज एकच माणूस घेऊन आलोय, मेकाय बेक्टन.

बेक्टनला २०२० साली न्यू यॉर्क जेट्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अकराव्या क्रमांकावर उचललं. उंची सहा फूट सात इंच, वजन ३६४ पौंड, म्हणजे १६५ किलो. आणि हा गडी ४० यार्ड ५.१ सेकंदांत धावला होता! आपल्यातले निम्मे लोक तेवढ्या वेळात खुर्चीतून उठत नाहीत. पहिला मोसम बरा गेला. मग २०२१ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. २०२२ मध्ये सरावातच पुन्हा तोच गुडघा, अख्खा मोसम घरी. २०२३ मध्ये तो परतला, सोळा सामन्यांत टॅकल म्हणून सुरुवातीपासून खेळला, पण प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने वरचेवर आत घुसत होते. जेट्सने त्याला जाऊ दिलं. एप्रिल २०२४ च्या अखेरीस, ड्राफ्ट उरकल्यावर, ईगल्सने त्याला एका वर्षासाठी घेतलं. रक्कम जास्तीत जास्त ५५ लाख डॉलर. या धंद्यात हा भाव पहिल्या पाचातल्या टॅकलचा नसतो. मी म्हटलं, राखीव टॅकल मिळाला, छान. माझं चुकलं.

चुकलं कुठे ते सांगतो. राखीव म्हणजे थोडा कमी दर्जाचा पहिल्या पाचातला, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ते कामच निराळं आहे. संघात ५३ खेळाडू असतात. सामन्याच्या दिवशी त्यातले ४८ उतरवता येतात, तेही आठ लाइनमन असतील तरच, नाहीतर ४७. म्हणजे पाच जागांना राखीव साधारण तीन. मग एकाला डावा आणि उजवा दोन्ही टॅकल यावे लागतात, दुसऱ्याला गार्डही आणि सेंटरही. त्याच मोसमात ईगल्सचा राखीव टॅकल फ्रेड जॉन्सनने हे करून दाखवलं. उजवा टॅकल लेन जॉन्सनच्या डोक्याला मार बसला तेव्हा फ्रेड उजवीकडे खेळला, मग डावा टॅकल जॉर्डन मेलाटाचा मांडीमागचा स्नायू दुखावला तेव्हा डावीकडे. अख्खा आठवडा उजव्या बाजूची पावलं घोटायची आणि रविवारी डावीकडे उभं राहायचं, हे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने आमटी भुरकायला लावण्यासारखं आहे. उत्तम राखीव म्हणजे अंगावर न सांडता ती भुरकणारा.

बेक्टनची गोष्ट उलटी. कारकीर्दभर टॅकल खेळलेला माणूस. पण त्या वर्षी सेंटर जेसन केल्सी निवृत्त झाला होता. उजवा गार्ड कॅम जर्गन्स त्याच्या जागी सरकला आणि गार्डची जागा मोकळी झाली. ती टायलर स्टीनला मिळणार असं सगळे धरून होते. सरावात स्टीनचा घोटा दुखावला. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांनी बेक्टनला तिथे उभं केलं.

आता बघा काय झालं. टॅकल कडेला असतो. त्याच्या बाहेर मोकळं मैदान आणि त्या मोकळ्यातून समोरच्या संघातला एखादा चपळ माणूस वळसा घालून येतो. दोनदा जायबंदी झालेल्या गुडघ्यावर मागे सरकत त्याला गाठणं कठीण. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं. बेक्टनच्या एका अंगाला जर्गन्स, दुसऱ्या अंगाला लेन जॉन्सन, त्या पिढीतला सर्वोत्तमांपैकी एक उजवा टॅकल. समोरचा सरळ अंगावर येतो आणि १६५ किलोंचं जे करायचं असतं ते तिथे करता येतं. कबड्डीत कोपऱ्यात उघडा पडणारा गडी साखळीच्या मध्ये भिंत होतो, तसं.

६ सप्टेंबर २०२४ ला साओ पावलोत पॅकर्सविरुद्ध तो उजवा गार्ड म्हणून उतरला. साखळी फेरीत पंधरा सामने सुरुवातीपासून खेळला. चेंडू घेऊन पळणाऱ्या सॅक्वॉन बार्कलीने त्या मोसमात २००५ यार्ड धाव घेतली. ते श्रेय एकट्या बेक्टनला देणारा मी नाही, पण बार्कली ज्या फटींतून पळाला, त्यांतल्या कित्येक उजवीकडच्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, चीफ्सना ४०-२२ हरवलं.

महिनाभराने लॉस एंजेलिस चार्जर्सनी त्याला दोन वर्षांचे दोन कोटी डॉलर देऊ केले. हा मात्र उघड पहिल्या पाचातल्याचा भाव. पण सोबत शेजारी येत नाहीत ना! ऑगस्टमध्येच त्यांचा रशॉन स्लेटर पूर्ण मोसमाला मुकला, पुढे जो ऑल्टचा घोटा गेला. दोन्ही टॅकल गेलेल्या फळीत गार्डचा कस लागतो, आणि मग त्याच्यावरचे शेरेही पुन्हा जुन्या जेट्सच्या दिवसांसारखे येऊ लागतात.

म्हणून यंदा नवा माणूस आला की त्याची जुनी आकडेवारी बघा, जरूर बघा, पण ऑगस्टमधल्या सरावाच्या बातम्या जास्त लक्ष देऊन वाचा. पहिल्या तुकडीबरोबर तो कुठे उभा राहतो? रोज एकाच जागी, की सोमवारी डावीकडे आणि बुधवारी उजवीकडे? रोज जागा बदलत असेल तर संघ त्याला राखीवचं काम शिकवतोय, मग पैसे कितीही मोजलेले असोत.

आणि हो, मागे कुणीतरी विचारलं होतं, स्टीनचं पुढे काय झालं? २०२४ त्याचं बहुतेक बाकावर गेलं. बेक्टन गेल्यावर २०२५ मध्ये ईगल्सचा उजवा गार्ड तोच होता.