तंग आवळला की कान मागे

(पहाट. माथेरान, दस्तुरी नाका. धुकं, लाल माती, टापांचा आवाज.)

सकाळचे साडेसहा. नेरळहून पहिली टॅक्सी अजून वर यायची आहे. गाड्या इथेच थांबतात. पुढे माणसं आणि सामान जातं ते पायी नाहीतर घोड्यावरून. आता ई-रिक्षा आल्या, तरी शनिवार-रविवारी घोड्याला उसंत नसते.

ही चांदणी. वय नऊ. तोंडाला तोबरा बांधलाय. आत भिजवलेला हरभरा आणि जव, म्हणजे तिची सकाळची चंदी. बघा, दोन घास घेतले आणि मान वर केली. शेजारच्या घोड्यापुढचं गवत मात्र ती मान लांब करून ओढते.

(जवळून: खोगीर, ते पोटाखालून आवळून धरणारा तंगाचा पट्टा, घोडीचे कान.)

मालक तंग आवळायला वाकतो. कान मागे, शेपटीचा फटकारा, आणि दात त्याच्या दंडापासून वीतभर अंतरावर. "आधी अशी नव्हती हो," तो म्हणतो. "सगळे म्हणतात माजलीय."

माजलेल्या घोडीच्या बरगड्या अशा मोजता येत नाहीत.

घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. बिरबलाचं हे उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. चांदणी तर दिवसभर फिरते आणि तरी चढणीवर अडते. इथलं उत्तर पोटात शोधावं लागतं.

(रेखाटन: घोड्याचं जठर.)

एवढं मोठं जनावर, पण जठर 8 ते 15 लिटरचं. एखादी बादली म्हणा. त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, घोडा खात असो वा नसो. कारण हा प्राणी मुळात दिवसाचे सोळा-सतरा तास चरणारा. चरताना चावणं होतं, चावताना लाळ सुटते आणि लाळेतलं बायकार्बोनेट आम्लाला आवरतं. आपल्याला चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटतं. घोड्याचं तसं नाही. तो चावेल तेव्हाच लाळ.

जठराचा खालचा भाग स्वतःभोवती बुळबुळीत थर धरून असतो. वरच्या भागाला ते कवच नाही. पोटात गवताचा थर असला की आम्ल खालीच राहतं. पोट रिकामं असताना घोडा दौडवला तर पोटाचे स्नायू जठराला दाबतात, आम्ल वर उसळतं आणि त्या उघड्या भागावर व्रण पडतात.

शर्यतीच्या घोड्यांत हे दुखणं सर्रास सापडतं. परदेशांतल्या काही तपासण्यांत तयारीत असलेल्या घोड्यांपैकी 80 ते 90 टक्क्यांच्या पोटात व्रण दिसले आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला. दाणा भरपूर, चरणं नाही, वर गाडीतून घाटाचा प्रवास. या सगळ्याचा ताण शेवटी पोटावरच येतो.

(पशुवैद्य चांदणीचं तोंड उघडून बघतात.)

व्रण आहेत हे खात्रीनं सांगायचं तर नाकातून सुमारे तीन मीटर लांबीची दुर्बीण जठरात उतरवावी लागते. तीही घोड्याला रात्रभर उपाशी ठेवून. अशी दुर्बीण मोजक्याच ठिकाणी मिळते. म्हणून इथे निदानाची सुरुवात शंकेनं होते. दाणा अर्धवट सोडणं दाढांच्या टोकदार कडांमुळेही होतं, रोडावणं जंतांमुळेही. डॉक्टर आधी दाढा बघतात, मग लिदीचा नमुना घेतात.

"मध्ये लंगडत होती ना? तेव्हा काय दिलंत?"

"ती दुखण्याची पावडर, साहेब. पंधराएक दिवस."

डॉक्टर मान हलवतात. फिनाइलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं लंगडणं थांबवतात, पण मोजमाप न ठेवता दिली तर जठराचं आणि मोठ्या आतड्याचं अस्तर सोलतात.

औषध ओमेप्राझोल. आपण ॲसिडिटीवर घेतो तेच, पण हिशेब वेगळा. नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे 4 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. 300 किलोच्या घोडीला 1200 मिलिग्रॅम, म्हणजे माणसांच्या 20 मिलिग्रॅमच्या साठ कॅप्सूल. रोज! साधारण 28 दिवस. कुणीतरी मालकाला सांगितलं होतं की कॅप्सूल कुटून चंदीत कालव. कुटलं की आतल्या कणांवरचं आवरण जातं आणि जठरातलं आम्लच औषध खाऊन टाकतं. म्हणून घोड्यांसाठी बनवलेली पेस्ट बरी. ती सकाळी अनशापोटी द्यायची आणि अर्ध्या-पाऊण तासानं गवत टाकायचं. डोस डॉक्टरच ठरवणार. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर शंकाच पुन्हा तपासायची. जठराच्या खालच्या, कवच असलेल्या भागातही व्रण पडले तर ते चिवट असतात, त्यांना सुक्राल्फेट या दुसऱ्या औषधाची जोड लागते.

(पागा. वजनकाट्यावर गवताचा भारा.)

पण औषध संपलं आणि पागेतलं वेळापत्रक तेच राहिलं, तर व्रणही परत येतात. 300 किलोच्या घोड्याला दिवसाला निदान साडेचार किलो सुकं गवत हवं, आणि दिवसा चार-पाच तासांहून जास्त खंड नको. चंदी एका वेळी अर्धा-पाऊण किलोच, तीही गवतानंतर. मिळत असेल तर काम सुरू होण्याआधी ओंजळ-दोन ओंजळ लसूणघास. त्यातलं कॅल्शियम आम्ल शोषून धरतं. मालकाला हे पटायला वेळ लागला. "भरल्या पोटी पळवायचं?" भरल्या नव्हे, रिकाम्या नसलेल्या.

एकदम जास्त चंदी दिली की ती जठरात पुरती पचत नाही, मागे मोठ्या आतड्यात उतरते. तिथे शंभरेक लिटरच्या पिशवीत कोट्यवधी जंतू गवताचे तंतू आंबवत बसलेले असतात. पिठूळ दाणा येताच लॅक्टिक आम्ल वाढतं आणि कामाचे जंतू मरतात. लीद पातळ होते. कधी त्याचा तडाखा थेट खुरांना बसतो, आतला थर सुजतो आणि घोडा पाय टेकवेना होतो. जूनमध्ये सुक्यावरून ओल्या गवतावर नेतानाही आठ-दहा दिवस घ्यायचे ते याच जंतूंसाठी.

आणि घोडा लोळायला लागला, वळून वळून कुशीकडे बघतोय, लीद बंद आहे, तर घरचे उपाय नकोत. घोड्याला उलटी होत नाही. लगेच डॉक्टर.

(दस्तुरी नाका, पाच आठवड्यांनंतर. रविवार, गर्दी.)

कठड्याला जाळी बांधलीय, बारीक भोकांची, म्हणजे गवत पुरवून पुरवून खाल्लं जातं. चांदणी एकेक काडी ओढतेय. समोर बॅगा घेऊन एक कुटुंब उभं आहे, धाकटा मुलगा घोड्यासाठी हटून बसलाय.

मालक तंगाला हात लावतो. तिचा एक कान किंचित हलतो, मागे जात नाही.

"निघू या?" वडील विचारतात.

"थांबा साहेब पाच मिनिटं. खातेय ती."