घोडा, साखळी आणि ओहोटी

मंडळी, बेल्जियमच्या वेस्ट फ्लँडर्स प्रांतात, उत्तर समुद्राच्या काठी कोक्सैडे नावाची छोटी नगरपालिका आहे. तिच्यातलं ओस्टडाउनकेर्क हे गाव १९७७ पर्यंत स्वतंत्र होतं. इथं घोड्यावर बसून कोळंबी धरतात. २०१३ मध्ये युनेस्कोनं ही मासेमारी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. नोंद आहे ती कसबाची, तेव्हा आपण बोलू तेही कसबाबद्दलच.

घोडा ब्राबांट जातीचा, ओढकामाचा. वजन नऊशे-हजार किलोपर्यंत. पूर्वी गाढवं आणि खेचरं वापरत, पण छातीभर पाण्यात भिजलेलं जाळं ओढायचं म्हणजे अंगात रग हवी. शिवाय लाटांना न बुजणारा स्वभाव हवा, आणि तो सवयीनंच येतो.

जाळं आपल्या कोळ्यांच्या डोल जाळ्यासारखं, नरसाळ्याच्या आकाराचं. फरक एवढाच की डोल जागेवर बांधलेली असते आणि प्रवाह तिच्यातून वाहतो. इथं जाळंच चालतं. तोंडाच्या दोन बाजूंना दोन लाकडी फळ्या. घोडा चालू लागला की पाण्याचा दाब या तिरक्या फळ्यांना बाहेर ढकलतो आणि तोंड उघडं राहतं. घोडा थांबला की फळ्या पडल्या, तोंड मिटलं. म्हणून चाल संथ, पण अखंड हवी. वळायचं तेही मोठा वळसा घेऊन, नाहीतर दोरखंड एकमेकांत गुंतलेच म्हणून समजा.

खरी गंमत जाळ्याच्या तोंडाशी, खालच्या बाजूला असलेल्या साखळीत आहे. ती वाळूवरून घासत जाते, वाळू थरथरते, आणि अंग पुरून बसलेली कोळंबी दचकून वर उडी घेते, ती थेट जाळ्यात. साखळी हलकी पडली तर नुसती वरून सरकते; जड झाली तर वाळू उकरते, आणि तो भार घोड्याच्या खांद्यावर येतो.

वेळ ठरवते ओहोटी. पूर्ण ओहोटीच्या साधारण दीड तास आधी उतरायचं, दीड तासानंतर बाहेर पडायचं. ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे घड्याळाची नोकरी करणाऱ्याला हा धंदा जमणं कठीणच. चालायचं किनाऱ्याला समांतर. इथला किनारा रुंद, उतार अगदी मंद आणि मध्ये लाटारोधक बांध नाहीत, म्हणून हे शक्य होतं. तरी वाळूतले खळगे जागा बदलतात. कालची सपाट वाट आज घोड्याच्या पायाखालून खचू शकते.

मधूनमधून बाहेर येऊन जाळं वाळूवर रिकामं करायचं. चाळणीनं चाळून बारीक कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं परत पाण्यात सोडायची. उघड्या हातानं चिवडणं मात्र महागात पडतं: इथं वाळूत पुरून राहणारा एक मासा आहे, त्याच्या पाठीवरच्या काट्यात विष असतं. निवडलेला माल घोड्याच्या दोन्ही कुशींना लटकवलेल्या टोपल्यांत जातो.

घरी आल्यावर आधी घोडा आणि त्याचा साज गोड्या पाण्यानं धुवायचा. मीठ राहिलं की चामडं कडक होतं आणि खांदा सोलतो. मग कोळंबी. ही राखाडी जात आपल्या करंदीएवढीच. खारट पाण्यात काही मिनिटं उकळली की तांबूस होते आणि शेपटी वळते. जास्त उकळली तर सालाला मांस चिकटतं. सोलताना एका हातात डोकं, दुसऱ्यात शेपटी, मध्ये हलकी पीळ, आणि साल अख्खं सुटून येतं. किलोभर सोलायला मात्र तास-दीड तास सहज जातो.