मालिकेत वाजलेलं आणि रेकॉर्डवर विकलेलं

(काळा पडदा. आधी बोंगो, मग बासरी.)

या धुनेच्या दहा मात्रा मोजा. आपल्या झपतालातही दहाच असतात, पण तिथे त्या दोन-तीन-दोन-तीन अशा पडतात. इथे तीन-तीन-दोन-दोन. पहिल्या तीन मात्रांवर एक सा, पुढच्या तीनवर परत सा, मग दोन मात्रांचा कोमल गंधार आणि दोन मात्रांचा मध्यम. दुसऱ्या आवर्तनात पुन्हा सा, सा, आणि नंतर मंद्र सप्तकातला कोमल निषाद व शुद्ध निषाद. तिथून परत सा. टाळी देत म्हणून पाहा, चारपाच आवर्तनांत तोंडात बसतं.

ही चाल लालो शिफ्रिन यांची. १७ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'मिशन: इम्पॉसिबल' सुरू झाली, तिचं हे शीर्षकसंगीत. मुळात शिफ्रिन यांनी ते पहिल्या भागातल्या एका प्रसंगासाठी लिहिलं होतं. निर्माते ब्रूस गेलर यांनी तेच उचलून शीर्षकाला लावलं. पुढच्या वर्षी डॉट रेकॉर्ड्सने तिची एलपी (मोठी रेकॉर्ड) काढली आणि ती गाजली. पण त्या एलपीवर मालिकेतलं ध्वनिमुद्रण नाही. तेच संगीतकार, तीच चाल, मात्र मांडणी नवी, लांबी वाढवलेली आणि सगळं स्टुडिओत नव्याने वाजवलेलं.

जुन्या मालिकांचं संगीत जमवणाऱ्याने सगळ्यात आधी ओळखायला शिकायची गोष्ट हीच आहे.

(पडद्यावर एलपीचं कव्हर, शेजारी मालिकेचं शीर्षकदृश्य.)

मालिकेचं संगीत रेकॉर्डसाठी पुन्हा वाजवण्याची ही पद्धत रुजली संगीतकार हेन्री मॅन्सिनी यांच्या 'पीटर गन'मुळे. मालिका १९५८ची, खासगी गुप्तहेराची, आणि तिला संगीत जॅझचं. गिटार आणि पियानो एकच खर्जातली ओळ न थांबता वाजवत राहतात, त्यावर ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तुटून पडतं. त्या पियानोवर होते जॉन विल्यम्स, पुढे 'स्टार वॉर्स'चं संगीत देणारे. आरसीए व्हिक्टरने मॅन्सिनींकडून ते सगळं रेकॉर्डसाठी पुन्हा वाजवून घेतलं. १९५९ साली पहिलेवहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले, त्यात वर्षातला सर्वोत्तम आल्बम हाच ठरला.

पुन्हा वाजवायचा खटाटोप कशासाठी? कारण पैशाचं होतं. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेचा नियम असा, की एका कामासाठी मुद्रित केलेलं संगीत दुसऱ्या कामाला वापरलं तर वादकांना पुन्हा मानधन द्यायचं. मग मूळ टेपवरचे वीसतीस सेकंदांचे तुकडे विकण्यापेक्षा, अडीचतीन मिनिटांच्या सलग रचना नव्याने मुद्रित करणं कंपन्यांना जास्त सोयीचं वाटायचं. रेडिओवर वाजवायलाही असंच काहीतरी हवं असायचं.

ओळखायचं कसं? पहिली खूण स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा आवाज; मोनोत दोन्हीकडे एकच. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर स्टीरिओ ध्वनी आला १९८४ साली. त्याआधीच्या मालिकांचं संगीत बहुतेक वेळा मोनोतच मुद्रित व्हायचं. तेव्हा साठच्या दशकातल्या मालिकेच्या एलपीवर ड्रम डावीकडे आणि सॅक्सोफोन उजवीकडे स्वच्छ ऐकू आला, तर ते बहुधा पुनर्मुद्रण, म्हणजे रेकॉर्डसाठी नव्याने वाजवलेलं, आहे. अर्थात कव्हरही नीट वाचा. 'इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड फॉर स्टीरिओ' असं छापलेलं असेल, तर मूळ मोनो आवाजच चाळणी लावून दोन बाजूंना वाटलेला असतो: एका कानात खर्ज जास्त, दुसऱ्यात तार. अशी प्रत घेऊ नका. दोन्ही बाजू मिसळून पुन्हा मोनो करायला जावं, तर काही कंपनसंख्या एकमेकींना खातात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. त्याच आल्बमची मोनो प्रत शोधा.

खरीखुरी मोनो एलपी मात्र स्टीरिओ पिकअपवर (सुईचे कंप टिपणाऱ्या भागावर) वाजवताना दोन्ही बाजू जरूर एकत्र करा. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर संगणकावर घेतल्यावर मिसळा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती धूळ आणि घसट. बाजू एकत्र केल्या की तेवढी खरखर आपोआप कमी होते.

दुसरी खूण लांबी. मालिकेसाठी लिहिलेल्या संगीताच्या तुकड्याला क्यू म्हणतात. पाच सेकंदांचा असू शकतो, दोन मिनिटांचाही. जाहिरातीआधी एखादा धक्का देऊन थांबणारा सूर असतो, तोही स्वतंत्र क्यू. मूळ टेपवरून काढलेल्या सीडीत असे बारके तुकडे एकामागोमाग येतात, किंवा जोडून त्यांची सलग माळ केलेली असते. नीट सुरुवात, मध्ये एकल वादन, मग परत मुखडा अशी ऐसपैस रचना दिसली की ती रेकॉर्डसाठी केलेली समजा.

(पडद्यावर फिल्मची पट्टी, कडेची छिद्रं जवळून.)

क्यूची लांबी संगीतकार मनाने ठरवत नसे. फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते, म्हणजे मिनिटाला १४४०. वाहत्या संगीताला दृश्याशी बांधायला वादकांच्या कानात टिकटिक सोडायची, आणि तिची गती चौकटींत मोजायची. दर १२ चौकटींना एक टिक ठेवली, तर १४४० भागिले १२, मिनिटाला १२० ठोके. १० चौकटींना ठेवली तर १४४. मधली गती हवी असेल तर चौकटीचे आठ भाग करायचे: साडेबारा चौकटींना मिनिटाला ११५.२ ठोके येतात. दार उघडतं त्या क्षणी ब्रास बरोबर का पडतं, त्यामागे हे गणित आहे. पण सगळेच प्रसंग टिकटिकीवर मुद्रित होत नसत. हळव्या प्रसंगांत संगीतकार घड्याळाकडे आणि पडद्याकडे बघत हाताने वेग सांभाळायचा. ऐकताना हा फरक कळतो, लय श्वास घेते.

आता 'ट्वायलाइट झोन', अद्भुत गोष्टींची अमेरिकी मालिका. १९५९मध्ये सुरू झाली तेव्हा शीर्षकसंगीत बर्नार्ड हरमन यांचं होतं. जगाला पाठ असलेलं गिटारचं ते चार स्वरांचं घुटमळणं दुसऱ्या हंगामात आलं, आणि ते या मालिकेसाठी रचलेलंच नव्हतं. फ्रेंच संगीतकार मारियस कॉन्स्टंट यांचे दोन वेगळे छोटे तुकडे सीबीएसच्या संगीतसंग्रहात होते. संगीतविभागाचे प्रमुख लड ग्लस्किन यांनी ते एकापुढे एक जोडले. कात्री आणि चिकटपट्टीतून इतकी नेमकी गोष्ट निघाली, याचं श्रेय जोडणाऱ्याच्या कानालाही द्यायला हवं.

संग्रहातून संगीत लावण्याचा मोठा नमुना अंतराळप्रवासाची मालिका 'स्टार ट्रेक'. दर भागाला नवं संगीत परवडत नव्हतं. एका हंगामात मुद्रित केलेल्या क्यू त्याच हंगामातल्या इतर भागांत फिरवल्या जायच्या, आणि नव्या हंगामासाठी जुन्या क्यूसुद्धा पुन्हा वाजवून घ्याव्या लागायच्या. १९६७च्या 'अमॉक टाइम' या भागात कर्क आणि स्पॉक या मुख्य पात्रांची झुंज आहे. जेराल्ड फ्राइड यांनी तिच्यासाठी लिहिलेलं संगीत पुढे इतर भागांतल्या मारामाऱ्यांनाही लागलं. म्हणून एखादी क्यू कुठल्या भागातली, एवढं विचारून भागत नाही. ती कुठल्या भागासाठी लिहिली होती, हे पाहावं. तिथे तिचं प्रत्येक वळण दृश्याला चिकटून असतं. बाकी ठिकाणी ती कापून बसवलेली असते, आणि कान तयार असेल तर सांधा ऐकू येतो: झांजेचा नाद मध्येच तुटतो.

हे ताडून पाहताना एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडे दूरचित्रवाणीची पाल पद्धत होती, सेकंदाला २५ चौकटींची. पाल डीव्हीडी करताना २४ चौकटींची फिल्म बहुधा सेकंदाला २५ने पळवतात. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो, आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतो. मग सीडीवरची क्यू उतरलेली वाटते आणि लोक सीडीलाच दोष देतात. डीव्हीडीवरून घेतलेला ध्वनी संगणकावर चार टक्क्यांनी हळू करा. फक्त वेग नव्हे, वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा. मगच तुलना करा.

तुलनेसाठी एकच भाग घ्यायचा तर आम्ही 'ट्वायलाइट झोन'मधला, हरमन यांच्या संगीताचा 'वॉकिंग डिस्टन्स' सुचवू. १९५९चा भाग, फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. आधी चित्रासह पाहा. संवाद आला की मिश्रण करणाऱ्याने संगीत किती खाली ओढलंय, ते ध्यानात ठेवा. मग मूळ टेपवरून काढलेलं मुद्रण ऐका. संवादाखाली गडप झालेले व्हायोलांचे मधले सूर इथे पहिल्यांदा उघडे पडतात. शेवटी जोएल मॅकनीली यांनी १९९९मध्ये केलेलं पुनर्मुद्रण ऐका. तिथे वादकांमधली जागा, दालनाची गुंज, सगळं ऐसपैस. आमची पसंती मूळ मुद्रणाला. त्यात माइक जवळ आहे, सूर कोरडे आहेत आणि घरच्या टीव्हीच्या लहानशा स्पीकरमधून जे पोहोचायला हवं होतं, तेवढंच आहे. हरमन यांचाच १९६३चा 'लिव्हिंग डॉल' ऐकलात तर त्यांचा हिशेब आणखी स्पष्ट होतो: बास क्लॅरिनेट, हार्प, सेलेस्टा (घंटेसारखे सूर देणारं पट्ट्यांचं वाद्य), एवढ्यावर आख्खा भाग. त्या बोलक्या बाहुलीची भीती खर्जातल्या क्लॅरिनेटनेच उभी केली आहे.

(पडद्यावर मॅग्नेटिक फिल्मचं रीळ, कडा आकसलेल्या.)

काही मुद्रणांत संगीतामागे पावलांचा आवाज येतो, दार आपटतं, गाडी सुरू होते. निव्वळ संगीताची टेप हरवलेली असते किंवा खराब झालेली असते. ॲसिटेट पट्टीची मॅग्नेटिक फिल्म दमट, उष्ण जागी ठेवली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो, ती आकसते आणि यंत्रावर सरळ चालत नाही. मग परदेशी भाषांत डबिंग करण्यासाठी ठेवलेल्या, संवाद नसलेल्या पट्टीवरून संगीत घ्यावं लागतं, आणि तिच्यावर संगीतासोबत हे सगळे आवाजही असतात. असा ट्रॅक सदोष म्हणून वगळू नका. पुष्कळदा त्या क्यूचं तेवढंच उरलेलं असतं. हेडफोनपेक्षा स्पीकरवर, मध्यम आवाजात ऐका. पावलं मागे सरतात, वाद्यं पुढे येतात.