खडकातली चाकोरी

नमस्कार श्रोतेहो.

'चाकोरीतली नोकरी', 'चाकोरीबाहेरचा विचार' असं आपण सहज बोलतो. पण खरीखुरी चाकोरी, गाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली, शेवटची कधी पाहिलीत? अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या गर्न्सी या छोट्या गावाजवळ ती खडकात आहे. काही ठिकाणी 5 फूट खोल. आत उभं राहिलं तर दगडाची कड खांद्याशी येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे निघालेली लाखो माणसं इथून गेली. कापडी छताच्या गाड्या, बऱ्याचशा बैलांच्याच. गाडीत सामान, माणसं पायी. नॉर्थ प्लॅट नदीच्या काठानं गाड्या नीट जात नसत, म्हणून वाळूदगडाची टेकडी चढायची, आणि चढायला जागा एकच. गाडीमागून गाडी, त्याच रेषेत.

जवळच 'रजिस्टर क्लिफ' हा मऊ दगडाचा उंच कडा आहे. फोर्ट लॅरमी हे वाटेवरचं ठाणं सोडलं की पहिला मुक्काम बहुधा इथंच. चूल पेटवायची, बैल सोडायचे आणि कड्यावर नाव कोरायचं. गडावर कुणी नाव कोरलं की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण इथली नावं वाचताना माझा राग टिकत नाही. एक नाव आहे ए. एच. अनथँक, 1850. इंडियानाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. नाव कोरल्यानंतर आठ-दहा दिवसांतच, वाटेत, तो कॉलऱ्यानं गेला. त्याच्या नावाखाली त्याच घराण्यातल्या दोघांची नावं आहेत, एक 1869चं, एक 1931चं.

ही वाट ज्यांच्या मुलखातून गेली त्या लकोटा, शायेन, अरापाहो या मूळ रहिवासी लोकांची नावं मात्र कड्यावर शोधून उपयोग नाही. गाड्यांच्या जनावरांनी गवत संपवलं, गवे लांब गेले. अमेरिकी सरकारनं त्यांच्याशी केलेल्या 1851च्या फोर्ट लॅरमी करारात भरपाई म्हणून वर्षाला 50 हजार डॉलरचा माल 50 वर्षं द्यायचं ठरलं. सिनेटनं ती 50 वर्षं 10वर आणली.

पुढं 1869 साली रेल्वे आली आणि गाड्या आटल्या. 1927 साली शेतीच्या पाण्यासाठी गर्न्सी धरण पूर्ण झालं. 1930च्या दशकातल्या मंदीच्या काळात सरकारी योजनेवरच्या तरुण मजुरांनी जलाशयाकाठी रस्ते, पायवाटा, संग्रहालय आणि 'कॅसल' नावाचा दगडी निवारा बांधला. त्यांचा पगार महिना 30 डॉलर, त्यातले 25 थेट घरी. कॅसलमधली शेकोटी एवढी दांडगी आहे की बांधणाऱ्यांना थंडी किती वाजली असेल ते कळतं!

आज जलाशयाचा हा परिसर स्टेट पार्क, म्हणजे राज्याचं उद्यान आहे. लोक बोटी घेऊन येतात, पोहतात, तंबू ठोकतात. पण एक सांगून ठेवतो. दर वर्षी साधारण जुलैमध्ये इथलं पाणी जवळजवळ सगळं सोडून देतात. तळाचा गाळ त्याबरोबर कालव्यांत जातो, कालव्यांच्या अंगाला बसतो आणि पाझर कमी होतो. शेतकरी त्याची वाट बघतात, आणि बोटवाले कपाळाला हात लावतात. तेव्हा त्या दिवसांत गेलात, तर जलाशयाच्या जागी चिखल दिसेल. गाडी वळवा, गाव ओलांडा आणि चाकोरी बघून या.

नमस्कार.